लातूरहून देवबागच्या खाडीवर: गाडी काढण्याआधी तिथी बघा

आमच्यात पहिल्यांदा तारकर्ली-देवबागचा विषय निघाला तेव्हा एक मित्र म्हणाला, "बॅकवॉटर बघायला पाचशे किलोमीटर? त्यापेक्षा धनेगावला चला की. डबे घेऊ, संध्याकाळी घरी." त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडं बॅकवॉटर म्हणजे धरणाच्या भिंतीमागं साठलेलं पाणी. धनेगावला मांजराचं, तसंच माजलगावचं, जायकवाडीचं. पाऊस झाला तर वर्षातून एकदा चढतं आणि मग उन्हाळाभर उतरत राहतं. मालवणच्या दक्षिणेला देवबागपाशी कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथलं पाणी मात्र रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. गावातली माणसं त्याला साधं खाडी म्हणतात.

हा फरक आम्हाला पहिल्या खेपेला कळला नव्हता. आम्ही शनिवार-रविवार बघितला, सुट्ट्या टाकल्या आणि निघालो. संगमाजवळचं ते वाळूचं बेट, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, ते बघायला होडीत बसलो तर बेट पाण्याखाली. होडीवाल्यानं बोटानं दाखवलं, "ह्या काय, हयच असा." जिथं दाखवलं तिथं कमरेएवढं पाणी होतं. म्हणून हा लेख. पहिल्यांदा निघणाऱ्यांनी ज्या क्रमानं तयारी करावी, त्याच क्रमानं सांगतो.

पहिलं काम: कॅलेंडर

भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर उतरवा. किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. घड्याळात तीच वेळ दिवसातून दोनदा येते, तशा दोन भरत्या धरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज भरती पाऊण तासानं पुढं सरकते. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण ट्रिप आखायला एवढं पुरतं. नेमकी वेळ मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यात मिळते, नाहीतर ज्यांच्याकडं उतरणार त्यांना फोनवर विचारा, ते तोंडपाठ सांगतात.

आता याचा उपयोग. वाळूचं बेट उघडं हवं असेल तर दिवसाउजेडी ओहोटी पाहिजे. षष्ठी ते दशमीच्या दरम्यान ओहोटी साधारण साडेदहा ते दीडच्या मध्ये येते, म्हणजे सकाळी नाश्ता करून निघालात की वाळूवर पाय. शिवाय अष्टमीच्या आसपास समुद्राला 'भांग' असते, पाण्याची चढ-उतार कमी आणि ओढही कमी. पौर्णिमा-अमावास्येला 'उधाण'. चांदणं बघायला पौर्णिमा झकास, पण नवख्यांनी खाडीत उतरायला ती तिथी निवडू नये.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सोयाबीनची रास झालेली असते, हरभऱ्याला एक पाणी देऊन झालेलं असतं, शेतीवाला मित्रही चार दिवस मोकळा असतो. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र सोडा. तेव्हा देवबागच्या त्या एकेरी रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या असतात. मेमध्ये आंबे-फणस मिळतात, पण घाम असा येतो की चाळीस डिग्रीतला लातूरकरसुद्धा वैतागतो. आपला उन्हाळा कोरडा, तिथला ओला. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी. तेव्हा गेलात तर हिरवाई मिळेल, ताजा मासा मिळायची खात्री नाही.

माणसं, गाडी, पैसे

पाच सीटच्या गाडीत चार जण. पाचवा मधे बसला की मिरजेच्या पुढं भांडण ठरलेलं. गाडी चालवणारे दोघं हवेत आणि दोघांनाही घाट उतरता यायला हवा.

स्वतःची गाडी नसेल तर पिवळ्या पाटीची, परवान्याची गाडी करा. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी "डिझेल टाकून वर थोडे द्या" या बोलीवर नेऊ नका. रस्त्यात काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

पैशाचं एकच सांगतो. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी सारखी रक्कम एकाकडं द्यायची, तो ट्रिपचा कारभारी. "मी पेट्रोल टाकतो, तू जेवणाचं बघ" या पद्धतीनं गेलेली एकही ट्रिप मी हिशेबाच्या वादाशिवाय परतलेली बघितली नाही. आणि थोडी रोख ठेवा. माडांच्या गर्दीत रेंज जाते आणि होडीवाल्यासमोर सगळे मोबाइल वर धरून उभे राहतात.

मुक्काम कुठं

मालवण शहरात राहिलात तर बाजार, बंदर आणि किल्ला जवळ. तारकर्ली तिथून सहा-सात किलोमीटर, तिथं किनारा मोठा. देवबाग आणखी पुढं, जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माडाची बनं आणि घरं. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं तर दोन्ही पाणी दिसतं. खाडीसाठी चालला असाल तर देवबागच घ्या.

हॉटेलपेक्षा घरगुती सोय बरी. फोनवर तीन गोष्टी विचारा: गाडी अंगणात लागते का, जेवण घरचं आहे का, आणि घर खाडीच्या बाजूला आहे की समुद्राच्या. समुद्राची गाज ऐकायला छान, पण आपल्यातल्या काहींना पहिल्या रात्री तिनं झोप लागत नाही. मला लागली नव्हती. सारखं वाटत होतं, बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू ठेवलाय.

रस्ता

लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. मग राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. सव्वापाचशेच्या आसपास किलोमीटर, थांबे धरून बारा-तेरा तास. बीड, जालना, संभाजीनगरवाल्यांनी धुळे-सोलापूर महामार्गानं तुळजापूरला येऊन हाच रस्ता धरावा. नांदेड, परभणी, हिंगोलीकरांनी एका दिवसात पोचायचा हट्ट करू नये, कोल्हापूरला रात्र काढावी. तसं केल्यानं घाट सकाळच्या उजेडात उतरता येतो, हा फायदा मोठा आहे.

लातुरातून पहाटे चारला निघा. साडेचार म्हटलं की सव्वापाच होतात, म्हणून सगळ्यांना साडेतीन सांगा. तुळजापूरला दर्शन घ्यायचं असेल तर ते परतताना ठेवा. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा असेल तर रांगेत अर्धा दिवस गेला म्हणून समजा. गाडीतूनच हात जोडा, आई समजून घेते.

खायला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही वेगळ्या डब्यात. मंगळवेढ्याच्या पुढं दोन्ही बाजूंना काळी रानं आणि ज्वारी, एखादं लिंबाचं झाड बघून तिथंच डबा सोडा. हॉटेलातल्या थंड पोह्यांपेक्षा हे कधीही चांगलं.

एक धोका लक्षात ठेवा. नोव्हेंबरपासून कारखान्यांचा हंगाम सुरू असतो. सोलापूर ते कोल्हापूर पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेही चालू असतात. मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. ऊस ट्रॉलीबाहेर लोंबत असतो, त्यामुळं दिसतं त्यापेक्षा ट्रॉली रुंद असते. अंधारात समोर काळा डोंगर दिसला तर तो डोंगर नसतो. उजाडेपर्यंत वेग साठच्या आत.

मिरज आलं की आमच्या गाडीत दर वेळी कुणीतरी बोलतोच. २०१६ च्या एप्रिलमध्ये इथूनच लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. तेव्हा आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत होतो, आणि आता पाणीच बघायला त्या पाण्याच्या उलट वाटेनं चाललोय. चहा पिऊन पुढं निघायचं.

मिरजेच्या पुढं जयसिंगपूर, हातकणंगले असा गावागावाचा रस्ता, वेग मिळत नाही. कोल्हापूरला जेवण करा, पण तांबडा-पांढरा रस्सा पोटभर ओरपून घाटात शिरू नका. एकदा आमच्यातला एक जण ऐकला नाही. दाजीपूरच्या जंगलात तीनदा गाडी थांबवावी लागली.

घाट

आपल्याला घाट माहीत आहेत, येडशीचा, मांजरसुंब्याचा. पण ते बालाघाटचे, दहा मिनिटांत संपणारे. सह्याद्रीचा उतार वेगळा. कोकणात उतरायला करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली असे घाट आहेत. पावसाळ्यात दरड पडून किंवा दुरुस्तीसाठी यातला एखादा बंद असू शकतो, म्हणून कोल्हापुरात पेट्रोल भरताना कुठला घाट चालू आहे ते तिथल्या ट्रकवाल्याला विचारा. नकाशा अनेकदा बंद रस्त्यावरही नेतो.

उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडायची नाही. तेल वाचवायची ही आपली सपाट रस्त्यावरची खोड घाटात जीव घेते. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनला धरू द्या, ब्रेक टेकवत टेकवत चला. सारखा पाय दाबून ठेवलात तर जळका वास येतो. आला की जागा बघून थांबा, पंधरा मिनिटं बोनट उघडून गप्पा मारा, चाकांवर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. वळणावर हॉर्न.

दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी राखलेलं आहे. दिवस कलला की गवे रस्त्याच्या कडेला येतात. आम्हाला एकदा दिसला होता, वळणावर, आपल्या देवणी बैलाच्या दीडपट, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. त्यानं आमच्याकडं बघितलं, आम्ही दिवे मंद केले, हॉर्न वाजवला नाही. चार-पाच मिनिटांनी तो आपला निघून गेला. त्याची वेळ, त्याचा रस्ता. पण म्हणूनच दुपारी तीनच्या आत घाट संपवा.

खाली फोंडा, मग कणकवली, तिथं मुंबई-गोवा महामार्ग लागतो. गोव्याच्या दिशेनं कसालपर्यंत, कसालहून उजवीकडं मालवण, पस्तीसेक किलोमीटर. इथं हवा बदलते. काच खाली केली की ओली हवा तोंडावर येते आणि जांभा दगडाच्या लाल गडग्यांमागं घरं दिसायला लागतात.

पोचलात; आता गाडी वाळूत घालू नका

हे मी अनुभवानं सांगतोय. किनारा दिसला आणि आमच्या चालवणाऱ्यानं उत्साहात गाडी माडांमधून सरळ पुढं घेतली. काळ्या रानात चिखलातून ट्रॅक्टर काढणारा गडी, वाळूचं काय कौतुक? पन्नास फुटांवर पुढची चाकं फिरायला लागली. त्यानं एक्सिलेटर दाबला, आपल्याकडं चिखलात दाबतात तसा. चाकं आणखी खाली. पाच मिनिटांत गाडीचं पोट वाळूला टेकलं, आणि भरती यायला दोन तास.

जाळी विणत बसलेले एक काका उठून आले. आधी इंजिन बंद करायला लावलं. मग हातानं चाकांपुढची वाळू उपसली, टायरची हवा निम्म्याच्या आसपास उतरवली, माडाच्या सुकलेल्या झावळ्या आणून चाकाखाली आडव्या सरकवल्या. मागच्या गिअरमध्ये, पाय अगदी हलका. आम्ही चौघं पुढून ढकलत होतो. गाडी जिथून आली होती त्याच चाकोरीतून मागं निघाली. पैसे घेतले नाहीत. "खयसून इलात?" विचारलं, लातूर म्हटल्यावर म्हणाले, "भूकंपवाले?" १९९३ अजून लोकांच्या लक्षात आहे. मग हवा भरायला पंक्चरवाला कुठं आहे ते सांगून परत जाळ्याशी जाऊन बसले.

गाडी अंगणात लावा, किनाऱ्यावर चालत जा.

पाण्यात उतरताना

विहिरीत मुटके मारून पोहायला शिकलेली आपली पोरं. पाठीला डबा बांधून, काठावरून काकानं ढकलून. त्यामुळं "मला पोहता येतं" हे वाक्य आपल्याकडं फार सहज निघतं. विहिरीचं पाणी जागेवर असतं, खाडीचं चालत असतं. ओहोटी लागली की सगळी खाडी संगमातून समुद्राकडं निघते, आणि गुडघाभर पाण्यातही पायाखालची वाळू सरकताना जाणवते. संगमाजवळ पोहायचं नाही, कुणी कितीही पैज लावली तरी. समुद्रात ओढ लागली तर किनाऱ्याकडं झुंजत पोहू नये, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडावं आणि मग आत यावं. दारू पिऊन पाण्यात नाही.

होडी सकाळी लवकर घ्या. देवबागहून खाडीतून संगमाकडं, तिथून वारा पडलेला असेल तर बाहेर समुद्रात डॉल्फिन बघायला, निवतीच्या बाजूला; येताना पलीकडच्या भोगव्याच्या किनाऱ्यावर उतरून वाळूच्या बेटावर. दर आधी ठरवा: होडीचा आहे की माणशी, आणि कुठं कुठं थांबणार. लाइफ जॅकेट अंगावर घेतल्यावर त्याचे पट्टे ओढून बघा. आणि डॉल्फिन दिसलाच पाहिजे म्हणून होडीवाल्याशी वाद घालू नका, तो काही त्यानं बांधून ठेवलेला नाही.

स्कूबा पहिल्यांदाच करणार असाल तर दमा, कानाचा त्रास, रक्तदाब याबद्दल खरं सांगा. पाणी गढूळ असेल तर त्या दिवशी पैसे घालवू नका.

मला मात्र या सगळ्यापेक्षा संध्याकाळचा खाडीकाठ आवडतो. धक्क्यावर बसायचं आणि एक खांब धरून ठेवायचा. शिंपल्यांनी खरबरीत झालेला पट्टा दिसत असतो, मग तो बोटभर बुडतो, मग दोन बोटं. आवाज नाही, पाऊस नाही, आणि पाणी वाढतंय. त्या धनेगाववाल्या मित्रानं पहिल्या दिवशी विचारलं, "कुठून सोडलं रे पाणी?"

जेवण

मासे खायची सवय नसेल तर सुरमईपासून सुरुवात करा, मधे एकच मोठा काटा. बांगड्याला घाबरू नका. तो पाठीच्या कडेनं बोटानं उघडायचा, वरचा अर्धा भाग अलगद सुटतो, मग मधला काटा शेपटीकडून धरून उचलायचा, अख्खा निघतो. पोटाकडचे बारीक काटे तेवढे जिभेनं चाचपायचे. भातात कालवून बांगडा खाल्ला तर काटा हमखास घशात. तिसऱ्यांच्या शिंपल्या हातात धरून खायच्या, चमच्यानं नाही. बांगड्याच्या तिखल्यात काळी टपोरी फळं दिसतील, ती तिरफळं. वासाला असतात, चावायची नाहीत. आमच्यातल्या एकानं चावलं, जीभ अर्धा तास बधिर.

मासे नको असतील तर कोंबडी-वडे. शाकाहाऱ्यांनी आणि एकादशीवाल्यांनी आदल्या रात्रीच सांगून ठेवावं. काळ्या वाटाण्याची आमटी, घावन, आंबोळी असं चांगलं मिळतं. ज्वारीची भाकरी मागू नका, तांदळाची येईल. तिखटाचं म्हणाल तर आपल्या काळ्या मसाल्यापुढं मालवणी सौम्य, नारळामुळं. शेवटी सोलकढी.

किल्ला

एक सकाळ सिंधुदुर्गला. मालवण बंदरावरून होडी सुटते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला, १६६७ मध्ये पूर्ण झाला. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. महादरवाजा बाहेरून दिसतच नाही, होडी अगदी जवळ गेल्यावर बुरुजांच्या मधे सापडतो. आपल्या डोळ्यांनी बघावं असं म्हणजे तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारट समुद्र आणि आत गोडं पाणी. मराठवाड्यातला माणूस तिथं जरा जास्त वेळ वाकून बघतो. टोपी न्या, तटावर सावली नाही.

परतीला

मालवणच्या बाजारातून खाजा, काजू, आंबापोळी घ्या. कोकमाच्या दोन बाटल्या असतात, त्यात गोंधळ करू नका: सरबत गोड, आगळ खारट आणि साखर नसलेलं, सोलकढीसाठी. माझ्या घरी पहिल्यांदा आगळात नुसतं पाणी घालून पाहुण्यांना दिलं गेलं. आगळाची बाटली उभी ठेवा, झाकणाला प्लॅस्टिक आणि रबर लावा. डिकीच्या गालिच्यावर सांडलं तर डाग जात नाही.

निघताना सकाळी सहाला घाटाच्या दिशेनं लागा. घरी पोचलात की दुसऱ्याच दिवशी गाडी धुवायला द्या आणि खालून पाणी मारायला सांगा, खारी वाळू चाकांच्या आत अडकलेली असते. पायपुसणी, गादी, बुटं झटका. आमच्या गाडीच्या मागच्या सीटखालून पोळ्यापर्यंत वाळू निघत होती.